पडद्यावरचा सोनेरी कोट आणि भटारखान्यातला माणूस

स्वयंपाकात हार-जीत कसली, असा प्रश्न मी आमच्या तरुण सभासदांना विचारला की ते हसतात. "काका, तुम्ही जुन्या जमान्यातले," म्हणतात. असेन. पण गेली पंधरा वर्षे आपल्या रेल्वे कॉलन्यांतून, टपाल वसाहतींतून आणि इकडे सिलतऱ्याच्या कारखान्यांभोवतीच्या भाड्याच्या खोल्यांतूनही जो खेळ चवीने पाहिला जातो, त्याने कामगाराच्या डोक्यात काय पेरले याचा हिशोब कुणीतरी मांडायला हवाच होता. वेतन आयोग, बोनस, रिक्त पदे सोडून सचिवांनी हे स्वयंपाकाचे काय काढले, असे ज्या बंधूंना वाटेल त्यांनी जरा दम धरावा. हाही रोजीरोटीचाच विषय आहे.

मास्टरशेफ हा खेळ मूळचा विलायती. बीबीसीने तो १९९० मध्ये सुरू केला, २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात तो अफाट चालला आणि पुढच्याच वर्षी स्टार प्लस वाहिनीने तो हिंदीत आणला. पहिल्या विजेत्या पंकज भदौरिया (नाव पुरुषी वाटले तरी बाई आहेत) लखनौला शाळेत शिकवत होत्या. नोकरी सोडून त्या या खेळात उतरल्या. २०२० साली जिंकलेला ओडिशाचा अबिनास नायक संगणक कंपनीत नोकरीला होता. २०२३ मध्ये, खेळ सोनीकडे गेल्यावर, एकाच वर्षात दोन विजेते झाले: मार्चअखेर आसामातील तिनसुकियाचा नयनज्योती सैकिया आणि डिसेंबरात मंगळूरचा मोहम्मद आशिक. नयनज्योतीच्या वेळी अखेरच्या तिघांत मुंबईच्या सुवर्णा बागुल होत्या, म्हणून आमच्याकडच्या मराठी घरांतले दिवेही त्या रात्री उशिरापर्यंत जळत होते. विजेत्याला २५ लाख रुपये आणि अंगावर सोनेरी कोट.

या माणसांशी आमचे काही वैर नाही. उलट मोहम्मद आशिकची हकीकत प्रत्येक कामगाराने ऐकावी अशी आहे. त्याला हॉटेल मॅनेजमेंट शिकायचे होते, घरी पैसा नव्हता, म्हणून ते राहिले. मग मंगळुरात ज्यूसचे दुकान टाकले आणि त्यातून वर आला. शाबास म्हणायला आम्हाला कमीपणा वाटत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. पैशापायी शिक्षण राहिलेली अशी हजारो पोरे या देशात कढईपुढे उभी आहेत. त्यांतल्या एकाला कोट चढवला आणि बाकीच्यांना सांगितले, "बघा, जिद्द असली की होते." म्हणजे जे झाले नाहीत त्यांच्यात जिद्दच नव्हती! शिक्षणाची फी कुणी वाढवली, वसतिगृहे कुणी बंद केली, कायम नोकऱ्या कुणी आटवल्या, हे प्रश्न त्या टाळ्यांच्या कडकडाटात गेले वाहून.

आता खेळाचा नियम पाहा. हा खेळ हौशी, घरगुती स्वयंपाक्यांचा आहे. ज्याचे पोटच स्वयंपाकावर आहे, जो तीस वर्षे पगारावर किंवा रोजंदारीवर दुसऱ्यांना जेवू घालतो आहे, त्याच्यासाठी हे दार नाही. विलायतेत निदान २००८ पासून धंदेवाईक आचाऱ्यांसाठी वेगळा खेळ काढला. इकडे आपल्या मनात 'मोठा आचारी' म्हणून जे चित्र ठसले आहे, त्यात पँट्री कारमधला, रनिंग रूममधला, ढाब्यावरचा, लग्नाच्या मांडवामागचा माणूस कुठेच नाही. शिक्षिका आहे, इंजिनियर आहे. २०२५ मध्ये तर सेलिब्रिटी मास्टरशेफ काढून गृहिणींनाही बाजूला सारले आणि नटनट्यांना एप्रन बांधले. गौरव खन्ना हा नट जिंकला. उषा नाडकर्णींसारखी उभे आयुष्य रंगभूमीवर घालवलेली बाई त्या वयात कढईपुढे उभी राहिली याचे आम्हाला कौतुकच आहे, पण आचाऱ्याला त्यात काय मिळाले? २०१५ चे चौथे पर्व तर संपूर्ण शाकाहारी केले होते. ज्या घरात रविवारी मटण आणि बुधवारी सुकट शिजते, त्या घरातले कसब एका फटक्यात बाद. मालकाला जे खपते तेच कसब, हा न्याय आपल्याला नवा नाही.

आणि दर आठवड्याला एकाला घरी पाठवायचे! मला सगळ्यांत खटकते ते हे. शेजारच्याची भाजी करपली की आपला एक आठवडा वाढला. खऱ्या भटारखान्यात एक दिवस उभे राहून बघा. तिथे एक कणीक तिंबतो, एक लाटतो, एक तव्यावर असतो, एक कांदा चिरतो, भांडी घासणारा पोऱ्या वेगळाच. त्यांतल्या एकाचा हात भाजला की बाकीचे त्याचे काम ओढतात, कारण ओढले नाही तर साऱ्यांचेच जेवण अडते. शेकडो ताटांचा स्वयंपाक एकटा माणूस कधी करूच शकत नाही. जे काम जन्मजात सांघिक आहे, त्याला घड्याळ लावून एकेकट्याची कुस्ती बनवले. आणि आपली पोरे हे बघत मोठी झाली. ती उद्या कारशेडमध्ये, सॉर्टिंग हॉलमध्ये येतील तेव्हा शेजारचा गेला तर आपण राहू, हे गणित घेऊनच येतील. मालकवर्गाला यापेक्षा अधिक काय पाहिजे?

आता जरा आपल्या गाडीत या. मुंबई-हावडा मुख्य मार्ग आमच्या दारावरून जातो. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना २६ डिसेंबर १९७७ ला जी वर्गविरहित गाडी म्हणून सुरू झाली, ती गीतांजली याच रुळांवरून धावते. (तिच्यात पुढे वर्ग आले. तो वेगळा लेख होईल.) या मार्गावरच्या गाड्यांच्या पँट्री कारमध्ये मे महिन्यात दुपारी कुणी चढून पाहावे. बाहेर विदर्भ-छत्तीसगडचे ऊन, आत पेटलेल्या शेगड्या, वरून पत्रा. उभे राहण्यापुरती बोळ. डबा हलतो तसे तेल हलते. आचारी एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने झारा चालवतो. परीक्षक नाहीत, टाळ्या नाहीत. रात्री बटाट्याच्या पोत्यांच्या मधल्या जागेत अंग टाकायचे आणि पहाटे चहाला उठायचे. अंगातल्या शर्टावर नाव कंत्राटदाराचे. भाजीत काही निघाले तर प्रवासी शिव्या या माणसाला देतो, दंड झाला तर कंत्राटदार तोही याच्याकडूनच वसूल करायला बघतो.

जुलै २०२३ मध्ये जनरल डब्यांच्या समोर २० रुपयांत जेवण द्यायला सुरुवात झाली: सात पुऱ्या, सुका बटाटा, लोणचे. गरीब प्रवाशाला स्वस्त जेवण मिळते आहे, आमचा त्याला पाठिंबाच आहे. फक्त त्या २० रुपयांत पुऱ्या तळणाऱ्याची मजुरी किती पैसे बसते हे रेल्वे बोर्डाने एकदा जाहीर करावे.

या धोरणाचा इतिहास आपल्या जुन्या सभासदांना ठाऊक आहे, नव्यांसाठी थोडक्यात लिहितो. एके काळी गाडीतले आणि स्टेशनवरचे बरेचसे खानपान खात्याचे होते. आचारी, बेअरर, मसालची रेल्वेचे नोकर होते. कमिशनवर राबणारे व्हेंडर होते, त्यांना पगार नव्हता, तो लढा निराळा. १९९९ मध्ये आयआरसीटीसी स्थापन झाली. २००५ च्या धोरणाने खानपान तिच्याकडे गेले, २०१० च्या धोरणाने बरेचसे परत रेल्वेकडे आले, २०१७ च्या धोरणाने पुन्हा तिच्याकडे. चेंडूसारखे टोलवले. त्याच २०१७ च्या जुलैत महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेत ठेवला गेला. ७४ स्थानके आणि ८० गाड्या तपासून त्यांनी लिहिले की खाण्यास अयोग्य पदार्थ विकले जात आहेत, आणि धोरण वारंवार बदलल्यानेही घडी विस्कटली. वर्तमानपत्रांनी पहिली गोष्ट मोठ्या टायपात छापली. दुसरी आतल्या पानात गेली. प्रवाशाला वाटले, आचारी घाणेरडा. अरे, ज्याला पाणी पुरेसे नाही, ज्याला पुढच्या महिन्यात काम असेल की नाही ठाऊक नाही, त्याच्याकडून कसली चव मागता?

२०२० च्या मार्चमध्ये गाड्या थांबल्या. त्या काळात बेस किचनमधल्या आचाऱ्यांनी अडकलेल्या मजुरांसाठी जेवणे शिजवली, ही गोष्ट अभिमानाची आहे. पण गाडीत शिजवलेले अन्न सर्वत्र पुन्हा सुरू व्हायला १४ फेब्रुवारी २०२२ उजाडले. म्हणजे जवळजवळ दोन वर्षे. कंत्राटी आचाऱ्याने ही दोन वर्षे काय खाल्ले? कुणी गावी जाऊन शेतावर राबला, कुणी भाजीची गाडी लावली, कुणी परतलाच नाही. त्या वर्षांवर कुणी मालिका काढली नाही.

याच्या उलट बाजू सांगतो, कारण नुसते रडगाणे गाणे हा आपला बाणा नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कॅन्टीनची तरतूद होती. त्यामुळे रेल्वेच्या वर्कशॉपांत कॅन्टीने चालत. पण तिथला आचारी कुणाचा नोकर हे ठरत नव्हते. कॅन्टीन समितीचा म्हणत. आमच्या या मंडळींनी वर्षानुवर्षे अर्ज केले, धरणी धरली, कोर्टाची पायरी चढली. आणि २७ फेब्रुवारी १९९० रोजी एम. एम. आर. खान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायद्याने चालवावी लागणारी आणि रेल्वेने मान्यता दिलेली कॅन्टीने, यांतले कामगार हे रेल्वेचेच कामगार आहेत. मान्यता नसलेल्या कॅन्टीनमधले मात्र बाहेर राहिले, ही त्या निकालाची उणी बाजू. टपाल खात्यातल्या कॅन्टीन कामगारांनाही सरकारी नोकराचा दर्जा याच तऱ्हेने, भांडून मिळाला. त्या दिवशी एकाच वेळी किती आचाऱ्यांच्या अंगावर कोट चढला याचा विचार करा. सोनेरी नव्हता, खाकी होता. पण त्याला पेन्शनचा खिसा होता.

टपाल बंधूंना हा मुद्दा चटकन कळेल. मेघदूत पुरस्कार १९८४ पासून दिला जातो. मिळतो त्याचा आनंद आहे, तो माणूस पात्रच असतो. पण ग्रामीण डाक सेवकांची संख्या अडीच लाखांच्या आसपास, आणि त्यांच्या भत्त्यात जी काही सुधारणा झाली ती पुरस्काराने झाली का? कमलेश चंद्र समितीचा अहवाल २०१६ च्या नोव्हेंबरात आला आणि पडून राहिला. २०१८ च्या मे महिन्यात सेवक संपावर गेले, खेड्यापाड्यातल्या शाखा डाकघरांना टाळी लागली, तेव्हा जूनमध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला. एकाला मखरात बसवणे हा लाखोंना रांगेत ठेवण्याचा जुनाच उपाय आहे. टीव्हीवाल्यांनी त्याला फक्त फोडणी दिली.

आता एक गोष्ट आमच्याच भागातली. ठिकाण आणि कंत्राटदार यांची नावे लिहीत नाही, कारण प्रकरण चालू आहे. एक रनिंग रूम. ड्रायव्हर आणि गार्ड (आता त्यांना लोको पायलट, ट्रेन मॅनेजर म्हणायचे) अपरात्री उतरतात, त्यांना गरम जेवण मिळावे म्हणून तिथे आचारी असतो. जुन्या काळी आमचे लोक घरून शिधा आणत आणि रनिंग रूमचा आचारी तो शिजवून देई. कुणाला तिखट चालत नाही, कुणाला मधुमेह आहे, कुणाचा उपवास आहे, हे त्याला पाठ असे. तो खात्याचा माणूस होता. त्या जागा निवृत्तीबरोबर मेल्या आणि कंत्राट आले. तर या रनिंग रूममध्ये दोन आचारी, तीन पाळ्या, आणि तीन महिने पगार थकलेला. आम्ही तक्रार केली. उत्तर काय आले? एका समारंभात 'उत्कृष्ट पाककला स्पर्धा' भरवली. दोघांना उंच पांढऱ्या टोप्या घातल्या, मधे टेबल मांडले, घड्याळ लावले. अधिकाऱ्यांच्या सौभाग्यवती परीक्षक. एकाला पहिले आणि दुसऱ्याला दुसरे प्रमाणपत्र. (दोघेच होते, तिसरे देणार कुणाला?) फोटो निघाले. पगार निघाला नाही. जो पहिला आला तो मला म्हणाला, "दादा, हा कागद किराणावाला घेईल का?"

कंत्राटदाराने वेतन बुडवले तर मूळ मालकाने ते दिले पाहिजे, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवी संहिता आली आहे. तिच्यावर आमचे आक्षेप आहेत आणि ते वेगळे मांडू, पण हे तत्त्व तिच्यातही आहे. ते वापरायचे सोडून टोप्या कसल्या वाटता?

स्टेशनच्या फाटकाबाहेर पाहिले तर चित्र आणखी विदारक आहे. शाळेतले मध्यान्ह भोजन शिजवणाऱ्या बायका देशभरात सुमारे पंचवीस लाख आहेत. शाळेत शिजवलेले जेवण द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २८ नोव्हेंबर २००१ चा. आणि ते शिजवायला दलित-आदिवासींना प्राधान्य द्या, हा एप्रिल २००४ चा. २००९ च्या डिसेंबरपासून केंद्राने या बायकांचे मानधन महिना १००० रुपये ठरवले, तेही वर्षातले दहाच महिने. राज्ये आपापल्या पदरची कमी-जास्त भर घालतात. २०१३ मध्ये भारतीय श्रम परिषदेच्या ४५ व्या अधिवेशनाने म्हटले की योजना कर्मचाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन द्या. पुढे २०२१ मध्ये योजनेचे नाव बदलून पीएम पोषण झाले. हजाराचा आकडा जागचा हलला नाही. लक्षात घ्या, मास्टरशेफचे पहिले पर्व २०१० चे. म्हणजे टीव्हीवर एकेका आचाऱ्याला लाखांनी तोलले जात होते, त्या सगळ्या वर्षांत केंद्राच्या लेखी खऱ्या आचारीण बाईची किंमत हजारावर खिळलेली होती. आणि २०२१ साली उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यातल्या एका शाळेत दलित बाईने शिजवले म्हणून सवर्ण मुलांनी ताटे नाकारली आणि नोकरी गेली तिची! ओरड झाल्यावर तिला परत घ्यावे लागले. हाताच्या चवीची परीक्षा या देशात जातीवरूनही होते, त्याचे गुण पडद्यावर दिसत नाहीत.

छत्तीसगडात आम्ही आणखी एक तमाशा पाहिला. बोरे-बासी म्हणजे रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी कांदा-मिरचीबरोबर खायचा. इथल्या मजुराचे, शेतकऱ्याचे हे उन्हाळ्यातले अन्न. पोटाला थंड आणि खिशाला परवडणारे. २०२२ च्या १ मे रोजी तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी कामगारांच्या सन्मानार्थ सगळ्यांनी बोरे-बासी खावी असे आवाहन केले. झाले! मोठमोठ्या साहेबांनी काशाच्या वाटीत बासी घेऊन फोटो काढले. मजुराच्या अन्नाचा मान राखला म्हणून बरे वाटले, खोटे कशाला बोलू. पण सिलतऱ्याच्या स्पंज आयर्न कारखान्यांत भट्टीपुढे राबणारा, बिहार-ओडिशातून आलेला कंत्राटी मजूर त्या दिवशीही बारा-बारा तासांची पाळी करून खोलीवर आला आणि स्टोव्ह पेटवून बसला. त्याच्या ताटाचा फोटो चालला, त्याच्या पाळीचा नाही.

"मग सचिवसाहेब, टीव्ही फोडायचा का?" असे एका तरुणाने मला सभेत विचारले. नाही बाबा, बघ. नवा पदार्थ शिक, घरच्या बाईला एक दिवस बसवून तू करून घाल, त्यात आमची काही हरकत नाही. फक्त स्वयंपाक करणाऱ्यांचा मोठेपणा याच एका रीतीने वाढतो असे समजू नकोस. दुसरी रीत आपल्या मुंबईतच घडली आहे. गिरणगावात खाणावळवाल्या बायका होत्या. गावाकडून एकटे आलेले गिरणी कामगार त्यांच्याकडे जेवत, पैसे पगाराला. बाई सावकाराकडून उधार किराणा आणी, कामगार उधार जेवी, आणि दोन्ही उधाऱ्यांच्या मधे बाई चेपली जाई. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात त्यांना नेऊन उभे केले आणि सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. अंगठेबहाद्दर बायका बँकेत सही करायला शिकल्या. तिथे कुणी पहिली आली नाही आणि कुणाला घरी पाठवले नाही. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये त्या गेल्या. आपल्या किती पोरांना त्यांचे नाव ठाऊक आहे? विजेत्यांची नावे मात्र पर्वांच्या क्रमाने पाठ!

तेव्हा आता कामाचे बोलू. रनिंग रूम, बेस किचन, पँट्री कार आणि वर्कशॉपची कॅन्टीने येथील कंत्राटी आचारी, बेअरर, भांडीवाले यांची सभासद नोंदणी शाखांनी याच महिन्यात हाती घ्यावी. ते आपल्या आस्थापनेवर नाहीत म्हणून टाळाटाळ करणाऱ्या पदाधिकाऱ्यांनी १९९० च्या आधीचे कॅन्टीन कामगारही आस्थापनेवर नव्हते हे ध्यानात घ्यावे. प्रत्येक रनिंग रूमच्या दारावर कंत्राटदाराच्या नावाची पाटी लावलेली असते. तिच्याखाली आचाऱ्याचा रोजचा दर, पाळीचे तास आणि पगाराची तारीख लिहिली जावी, अशी मागणी विभागाकडे द्यायची आहे. लाइनवर जाणाऱ्या बंधूंनी मुक्कामी जेवण झाल्यावर वाढणाऱ्याला एवढेच विचारावे की मागचा पगार कधी झाला, आणि जे उत्तर मिळेल ते ठिकाण व तारखेसह लिहून शाखा कार्यालयात आणून द्यावे.